फोटोचे वजन उतरते ते कुठून?

प्रश्न : आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने दुकानाची वेबसाइट करून दिली. मोबाइलवर काढलेले चपलांचे फोटो आम्ही ड्राइव्हवर टाकतो, तो ते साइटवर चढवतो. सुरुवातीला साइट उघडायला फार वेळ लागायचा. मग त्याने काहीतरी बदल केला आणि आता ती झटकन उघडते. विचारले तर म्हणतो, ‘मामा, बिल्डमध्येच फोटो आपोआप कॉम्प्रेस होतात, तुम्ही काही करायचे नाही.’ चार एमबीचा फोटो दीडशे केबीचा होतो म्हणे. माझ्या शंका अशा : एवढा फोटो गेला कुठे? चपलेची वेणी, शिलाई पुसट होत नाही का? आमचे मूळ फोटो शाबूत आहेत का? आणि हे सगळे ज्यात आपोआप होते ते ‘बिल्ड’ म्हणजे आहे तरी काय?
— एक चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या चारही शंका एकाच गाठीच्या आहेत. चार एमबीचा फोटो दीडशे केबीवर आला, म्हणजे पंचविसाहून अधिक पटीने हलका झाला, आणि तरी डोळ्यांना फरक जाणवला नाही. मग एक तर आधीचे वजन फुकटचे होते, किंवा काहीतरी खरेच गेले आहे आणि ते आपल्या लक्षात आलेले नाही. इथे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या घडल्या आहेत. किती, कुठे आणि कोणाच्या हातून, ते क्रमाने पाहू.

आधी फोटोला वजन येते कुठून? आजच्या साध्या मोबाइलचा फोटो बहुधा ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असतो. गुणाकार केला की १ कोटी २० लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा रंग किती, असे तीन आकडे लिहावे लागतात आणि एकेका आकड्याला एक बाइट जागा लागते. म्हणजे फोटो जसाच्या तसा लिहायचा तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी हवेत. तुमच्या मोबाइलमधली फाइल मात्र चारच एमबीची आहे. याचा अर्थ, बटण दाबताक्षणी मोबाइलने फोटो एकदा कॉम्प्रेस केला होता. ज्याला आपण ‘मूळ फोटो’ म्हणतो तोही हलका होऊनच आपल्या हाती येतो. तेव्हा ‘कॉम्प्रेस केले की फोटो बिघडलाच’ ही समजूत इथेच बाजूला ठेवू.

आता चार एमबीचे दीडशे केबी कसे झाले? यात दोन वेगवेगळी कामे आहेत आणि लोक ती हमखास एकत्र करतात. पहिले काम म्हणजे ठिपक्यांची संख्या कमी करणे. दुसरे, उरलेले ठिपके कमी जागेत लिहिणे.

पहिले काम सोपे आणि सर्वांत गुणकारी. बऱ्याच मोबाइलचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असतो. त्यावर ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो पूर्ण दिसूच शकत नाही. मोबाइल तो आख्खा उतरवून घेतो आणि मग पडद्यात बसेल एवढा बारीक करून दाखवतो. जास्तीचे ठिपके गिऱ्हाइकाने डेटा खर्च करून मागवले आणि त्याच्याच मोबाइलने टाकून दिले, असा हा व्यवहार. तोच फोटो आधीच १२०० बाय ९०० केला तर १० लाख ८० हजार ठिपके उरतात, म्हणजे मूळचा अकरावा हिस्सा. फाइल अगदी त्याच प्रमाणात उतरते असे नाही, कारण लहान फोटोत तपशील दाट होतो. तरी वजनाचा मोठा वाटा इथेच उतरतो आणि पडद्यावर दिसण्यासारखे काहीही जात नाही. तुमच्या पहिल्या शंकेचे बरेचसे उत्तर हेच : गेले ते बहुतांशी कोणाला दिसतच नव्हते.

इथे दोन गैरसमज काढून टाकू. ‘साइटवर फोटो लहान चौकटीत दाखवला की तो हलका होतो’ हा पहिला. चौकट तीनशे पिक्सेलची असली तरी फाइल चार एमबीची असेल तर चार एमबीच उतरतात. दुसरा गैरसमज छपाईच्या धंद्यातून आला आहे : ‘वेबसाठी फोटो ७२ डीपीआय करा.’ डीपीआयचा आकडा कागदावर इंचात किती ठिपके छापायचे ते सांगतो. पडद्याला त्याच्याशी देणेघेणे नसते. ७२ लिहा नाही तर ३०० लिहा, ठिपके तेवढेच असतील तर फाइलच्या वजनात फरक पडत नाही.

दुसरे काम अधिक हुशारीचे आहे. फोटोसाठी सर्वाधिक वापरली जाणारी जेपीईजी पद्धत १९९२ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना, १९७२ मध्ये, त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. कल्पना फारच साधी वाटल्याने तो मिळाला नाही. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज जगभरात जेपीईजी फोटो उघडतात ते या गणिताच्या जोरावर.

ते चालते कसे? सर्वप्रथम फोटोतला उजेड आणि रंग वेगळे केले जातात. आपला डोळा उजेड-सावलीतला बारीक फरक पटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेडाची नोंद पूर्ण ठेवतात आणि रंगाची नोंद आडवी निम्मी, उभी निम्मी करतात. रंगाचे आकडे चौथाईवर येतात. एका ठिपक्याला तीन आकडे लागत होते, तिथे सरासरी दीड पुरतो. म्हणजे निम्मे वजन इथेच उतरले.

मग फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनात ६४ ठिपके. प्रत्येक ठिपका वेगळा लिहिण्याऐवजी ‘या चौकोनाचा सरासरी उजेड किती, तो संथपणे किती चढतो-उतरतो, आणि बारीक-बारीक किती बदलतो’ असे ६४ आकडे काढतात. चपलेमागच्या पांढऱ्या कापडावर किंवा सपाट तळव्यावर बारीक बदल जवळजवळ नसतोच, म्हणून त्या ठिकाणचे बहुतेक आकडे शून्याजवळ येतात. यानंतर प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून अपूर्णांक सोडून देतात. लहान आकडे सरळ शून्य होतात, आणि ओळीने आलेली शून्ये फार थोड्या जागेत लिहिता येतात. प्रत्यक्ष नुकसान होते ते या भागाकारात. एकदा सोडलेला अपूर्णांक परत मिळत नाही.

‘क्वालिटी ८०’ म्हणून जो आकडा तुमच्या कानावर येत असेल तो या भागाकाराचा. आकडा मोठा तर भाजक लहान, आकडा लहान तर भाजक मोठा. त्याला टक्केवारी समजू नये. ८० म्हणजे ‘ऐंशी टक्के फोटो शिल्लक’ असे नसते, आणि एका प्रोग्रॅममधले ८० दुसऱ्यातल्या ८० इतकेच असेल याचीही खात्री नसते. तसेच १०० म्हणजे ‘काहीच गेले नाही’ असेही नाही. फाइल मात्र विनाकारण फुगते.

आता तुमची दुसरी शंका, वेणीची आणि शिलाईची. ही शंका रास्त आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच घडणीच्या चपला दाखवल्या, त्यावरून गदारोळ झाला; अस्सल चप्पल ओळखता येणे म्हणूनच महत्त्वाचे. लांबच्या गिऱ्हाइकाला चप्पल हातात घेऊन वाकवून पाहता येत नाही. त्याला दिसते ती फोटोतली वेणी, कानाची कड आणि अंगठ्याजवळची शिलाई. तिथे पुसटपणा आला तर हाताची कारागिरी आणि यंत्राचा माल यांतला फरकच फोटोतून निघून जातो.

क्वालिटी ७५ ते ८५ च्या आसपास असेल तर वेणी नीट राहते. ती ४० वर आणली तर काय होते ते तुम्ही स्वतः पाहू शकता. फोटो मोठा करा आणि वेणीकडे बघा. चामड्याच्या पट्ट्या एकमेकींखालून जातात तिथली बारीक सावली नाहीशी झालेली असते, कारण बारीक बदलाचे आकडे शून्य झाले. पट्ट्याची गडद कड पांढऱ्या कापडाला भिडते तिथे मळकट ठिपक्यांची रांग दिसते. आठ बाय आठच्या चौकोनात कड आली की गणिताला ती तुटपुंज्या आकड्यांत नीट मांडता येत नाही, त्याचे हे लक्षण.

चपलेवरच्या लाल गोंड्याची अडचण वेगळी आहे. रंगाची नोंद आपण चौथाईवर आणली होती. गडद लाल रंग तपकिरी चामड्यावर असतो तेव्हा दोघांच्या उजेडात फारसा फरक नसतो, फरक रंगातच असतो. त्यामुळे गोंड्याचे दोरे एकमेकांत मिसळतात आणि लाली कडेबाहेर ओघळल्यासारखी दिसते. यावर उपाय आहे. जवळून घेतलेल्या फोटोंसाठी रंगाची नोंद पूर्ण ठेवायला सांगता येते. फाइल थोडी वाढते, पण गोंडा गोंड्यासारखा दिसतो. भाच्याला एवढेच सांगा, ‘दुकानाच्या साध्या फोटोंना नेहमीचा नियम लाव, चपलेच्या क्लोजअपला रंग पूर्ण ठेव आणि क्वालिटी थोडी वर ठेव.’

फोटो काढतानाही तुम्ही वजन ठरवत असता. सपाट कापडावर, दिवसाच्या भरपूर उजेडात काढलेला फोटो आपसूक हलका होतो. चटईवर, गवतावर ठेवून काढला की काडी-काडीचा तपशील लिहावा लागतो. अंधारात काढलेला फोटो, मग तो रात्रीच्या रंकाळा तलावाचा असो की दुकानातल्या कोपऱ्याचा, कॅमेऱ्याने उमटवलेल्या बारीक कणांनी भरलेला असतो. ते कण म्हणजे चित्र नव्हे, पण गणिताला ते तपशीलच वाटतात आणि त्यांच्यासाठी जागा खर्च होते.

‘मग पीएनजी वापरू, त्यात काही जात नाही’ असेही सुचवणारे भेटतात. पीएनजीत काही जात नाही हे खरे. पण ती पद्धत सलग रंगांच्या चित्रांसाठी चांगली आहे : दुकानाचे बोधचिन्ह, नकाशा, अक्षरे. चामड्याच्या पोताचा फोटो पीएनजीत ठेवला तर फाइल जेपीईजीच्या कितीतरी पट जड होते आणि गिऱ्हाइकाला त्यात जास्त काही दिसत नाही.

नव्या पद्धतीही आल्या आहेत. गूगलने २०१० मध्ये वेबपी आणली. त्याच दर्जाचा फोटो जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्के हलका होतो असे गूगल सांगते. २०१९ मध्ये आलेली एव्हीआयएफ त्याहून हलकी फाइल देते, पण ती बनवायला संगणकाला जास्त वेळ लागतो. गोंड्याच्या दृष्टीने एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे : तपशील सोडणाऱ्या वेबपीत रंगाची नोंद नेहमी चौथाईच असते, एव्हीआयएफमध्ये ती पूर्ण ठेवता येते. जुन्या मोबाइलला नव्या पद्धती कळत नाहीत. म्हणून पानावर एकाच फोटोच्या तीन फाइलींची यादी देतात. मोबाइल त्यातली आपल्याला उमजेल ती पहिली उचलतो, आणि सर्वांत शेवटी जेपीईजी असतेच.

आता चौथी शंका आधी घेऊ, कारण तिसरीचे उत्तर त्यातच आहे. प्रोग्रॅमर साइट लिहितो तेव्हा काम अनेक लहान फाइलींत विखुरलेले असते, कारण दुरुस्तीला ते सोयीचे पडते. ते तसेच लोकांपुढे ठेवत नाहीत. प्रोग्रॅमर एक कमांड देतो. मग एक प्रोग्रॅम सगळ्या फाइली वाचतो, त्यातल्या मोकळ्या जागा आणि टिपा काढतो, तुकडे जोडतो आणि तयार साइट एका वेगळ्या फोल्डरमध्ये लिहितो. या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात. सर्व्हरवर जाते ते हे दुसरे फोल्डर. अशा कामांसाठी २०१२ मध्ये ग्रंट आले, २०१३ मध्ये गल्प, त्याच सुमारास वेबपॅक, आणि २०२० मध्ये व्हिट. फोटोंचा टप्पा या साखळीत एकदा जोडला की कमांड देताच फोटोही तयार होतात. फोटोंचे काम करणारे प्रोग्रॅम निराळे असतात. त्यांतला ‘शार्प’ खूप वापरात आहे. त्याच्या पोटात लिबव्हिप्स नावाचे जुने सॉफ्टवेअर चालते. १९९० च्या सुमारास युरोपातल्या ‘वासरी’ प्रकल्पात, जुन्या चित्रांची प्रचंड मोठी छायाचित्रे हाताळण्यासाठी त्याची सुरुवात झाली.

तुमच्या साइटवर हे बहुधा असे घडते. बिल्ड सुरू झाली की शार्प मूळ फोटोंचे फोल्डर उघडतो. एकेक फोटो घेतो आणि त्याच्या, समजा, ४८०, ८०० आणि १२०० पिक्सेल रुंदीच्या प्रती काढतो. प्रत्येक प्रत वेबपी, एव्हीआयएफ, जेपीईजी अशा पद्धतींत लिहितो. पानावर या प्रतींची यादी जाते आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल आपल्या पडद्याला पुरेल तेवढीच प्रत मागवतो. फोटोची लांबी-रुंदीही पानात लिहून ठेवतात, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखलेली राहते आणि वाचता वाचता मजकूर खाली सरकत नाही.

तिसरी शंका, मूळ फोटो शाबूत आहेत का? उत्तरासाठी सिनेमाचा दाखला घेऊ; सिनेमा कोल्हापूरला परका नाही. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली. फिल्मच्या काळात मूळ निगेटिव्ह जपून ठेवायचे आणि त्यावरून काढलेल्या प्रिंटा थिएटरांना धाडायच्या. खेळ होऊन होऊन प्रिंट खराब झाली तर निगेटिव्हवरून नवी काढायची. तुमचे मूळ फोटो हे निगेटिव्ह आहे आणि बिल्डमधून निघालेल्या प्रती म्हणजे प्रिंटा. नीट रचलेली बिल्ड मूळ फोल्डर फक्त वाचते, त्यात लिहीत नाही. मराठी विकिपीडियावर अंबाबाईच्या देवळाचे किंवा पन्हाळ्याचे चित्र दिसते तेव्हाही हेच घडते. लेखात दिसते ती लहान प्रत, आणि विकिमीडिया कॉमन्सवर मूळ फाइल जशी चढवली तशी ठेवलेली असते. चित्रावर टिचकी मारून आत गेलात तर निरनिराळ्या आकारांच्या प्रती आणि मूळ फाइल दोन्ही पाहता येतात.

एक धोका मात्र आहे. काही प्रोग्रॅम हलका केलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी लिहितात. तसे झाले की पुढच्या बिल्डला तोच हलका फोटो पुन्हा हलका होतो, मग पुन्हा. दरवेळी भागाकार, दरवेळी अपूर्णांक गळतो. बँक भरतीचा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या मुलांना याचा अनुभव असतो. फोटो २० ते ५० केबीत बसवायचा असतो. एकदा जमले नाही की तीच लहान झालेली फाइल घेऊन पुन्हा लहान करतात, आणि शेवटी चेहऱ्यावर चौकोन उमटतात. दरवेळी मूळ फोटोपासून सुरुवात केली असती तर त्याच ५० केबीत चेहरा स्वच्छ बसला असता. तेव्हा भाच्याला विचारा, ‘मूळ फोटो आणि तयार फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत ना?’ उत्तर ‘हो’ आले की या बाजूने निश्चिंत राहा.

आता कोणी म्हणेल, फोटो हलके करायचे तर हाताने करू, एवढी यंत्रणा कशाला? कारण माणूस विसरतो. दिवाळीच्या आधी नवा माल येतो, रात्री घाईघाईत चाळीस फोटो चढवायचे असतात, त्यात दोन फोटो हलके करायचे राहून जातात आणि साइट पुन्हा जड होते. एकाने क्वालिटी ८० ठेवलेली असते, दुसऱ्याने ६०. बिल्डमध्ये नियम एकदाच लिहायचा, मग तो प्रत्येक फोटोला सारखाच लागू होतो. ‘एखादा तयार फोटो ३०० केबीहून जड निघाला तर बिल्ड थांबव’ असेही सांगून ठेवता येते. चूक गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याआधीच पकडली जाते.

यात वेळही वाया जात नाही. न बदललेल्या फोटोंच्या प्रती साठवून ठेवल्या की पुढच्या वेळी नव्या फोटोंवरच काम होते. तयार फाइलीच्या नावात फोटोच्या मजकुरावरून काढलेली एक खूण जोडता येते. फोटो तोच तर नाव तेच, म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल तो साठवून पुन्हा वापरतो. फोटो बदलला की नावही बदलते आणि नवा फोटो ताबडतोब दिसतो.

या सगळ्याने किती फरक पडतो, याचा हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. पानावर तीस फोटो, प्रत्येकी चार एमबी, म्हणजे १२० एमबी. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला सेकंदाला एक एमबी मिळत असेल तर दोन मिनिटे. तेच फोटो दीडशे केबीचे असतील तर साडेचार एमबी, म्हणजे साडेचार सेकंद. शिवाय खालचे फोटो गिऱ्हाइक खाली सरकेल तेव्हाच मागवायची सोय असते, म्हणून पान त्याहून लवकर दिसते. गगनबावड्याच्या घाटात किंवा आंबोलीच्या वाटेवर नेटवर्क मंदावते, तिथे हा फरक गिऱ्हाइक थांबणार की निघून जाणार हे ठरवतो.

‘आपोआप’ या शब्दावर मात्र सरसकट विसंबू नका. बिल्डमधून जातात ते बिल्डच्या वेळी प्रोजेक्टमध्ये असलेले फोटो. तुम्ही स्वतः लॉगिन करून साइटवर फोटो चढवत असाल तर ते बिल्डमधून जात नाहीत. त्यांच्यासाठी फोटो चढवण्याच्या वेळीच हलके करण्याची सोय लागते. वर्डप्रेसमध्ये ती आहे. २०१५ पासून ते पडद्यानुसार योग्य प्रत पुरवते, आणि २०१९ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपणहून लहान करते. इतर ठिकाणी तशी सोय आहे का, ते विचारून घ्यावे.

तयार फोटोंमध्ये तीन दोष अधूनमधून निघतात, त्यांकडे लक्ष ठेवा. पहिला, आडवा पडलेला फोटो. मोबाइल उभा धरून काढलेला फोटोही पुष्कळदा आडवाच साठवला जातो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी चिठ्ठी फाइलीत ठेवली जाते. हलके करताना ती चिठ्ठी गेली आणि फोटो प्रत्यक्ष फिरवला नाही, तर चप्पल आडवी दिसते. दुसरा, फिका पडलेला रंग. काही मोबाइल रंगांचा जास्त मोठा पल्ला वापरतात. फाइलीतून त्या पल्ल्याची नोंद काढून टाकताना रंग नेहमीच्या पल्ल्यात बसवून घेतले नाहीत तर गोंड्याची लाली उतरते. तिसरा दोष दिसत नाही, पण सर्वांत गंभीर तोच. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोच्या फाइलीत अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. कारागिराच्या घरी बसून काढलेल्या फोटोतून त्याच्या घराचा पत्ता जगाला कळू शकतो. शार्पसारखे प्रोग्रॅम ही नोंद सांगितल्याशिवाय पुढे नेत नाहीत. तरी तुमच्या साइटवर ती निघते आहे ना, याची भाच्याकडून एकदा खात्री करून घ्या.

तुम्ही फोटो ड्राइव्हवरून पाठवता हे उत्तम आहे. अनेक दुकानदार ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे टाकतात. व्हॉट्सॲप पाठवतानाच फोटो लहान करते, मग बिल्ड कितीही चांगली असली तरी तिच्या हाती निगेटिव्हऐवजी प्रिंटच येते. व्हॉट्सॲपशिवाय इलाज नसेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, फाइल जशीच्या तशी पोहोचते.

थोडक्यात, तुमच्या भाच्याने केले ते बरोबर आहे. वजन उतरले ते मुख्यतः न दिसणाऱ्या ठिपक्यांचे, काही रंगाच्या नोंदीचे आणि थोडे खऱ्या तपशिलाचे. त्या शेवटच्या थोड्याचीच काळजी घ्यायची आहे, आणि ती वेणी-गोंड्याच्या फोटोंना वेगळा नियम लावून घेता येते. तुमच्याकडे एकच काम उरते, आणि ते कोणताही प्रोग्रॅम तुमच्यासाठी करणार नाही. मूळ फोटोंची एक प्रत दुकानात हार्डडिस्कवर वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. उद्या याहून चांगली पद्धत आली तर भाचा नियम बदलेल, पुन्हा बिल्ड चालवेल आणि सगळे फोटो नव्याने तयार होतील. मूळ फोटोच हरवले असतील तर मात्र त्याला काहीही करता येणार नाही.